हातांवर बसणारे सर

सरांच्या तळहातांवर वेताच्या जाळीची नक्षी उमटलेली असायची. सकाळी फिकट, संध्याकाळी लालभडक. मूल कॉम्प्युटरसमोर बसलं की सर त्याच्या मागं वेताची खुर्ची टाकून बसत आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवत. हात मोकळे राहिले की ते माऊसकडं जातात, आणि मोठ्या माणसाचा हात पुढं आला की मुलाचं डोकं मागं जातं, असं त्यांचं म्हणणं. आम्हालाही ते तसंच बसायला लावत. दौंडमध्ये त्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. 'हातांवर बसणारे सर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर पिठाच्या गिरणीसमोर आणून सोडायचा.

आमचं ऑफिस त्या गिरणीच्या माडीवर होतं. मी शिरूरची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी माशा मारत बसले होते. तेव्हा शिरूरमध्ये कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला लोक आधी 'टायपिंग येतं का' विचारायचे आणि मग 'लग्नाचं काय' विचारायचे. दौंडच्या एका संस्थेला खेड्यातल्या शाळांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे तयार करणारं माणूस हवंय असं कळलं, म्हणून न्हावरा, चौफुला करत एसटीनं गेले. सरांनी मला एका मशीनसमोर बसवलं आणि स्वतः मागं बसले. बोलले काहीच नाहीत. खाली गिरणी चालू होती. तिच्या थरथरीनं स्क्रीनवरचं चित्र थरथरत होतं आणि कीबोर्डवर पिठाचा थर होता. मी बराच वेळ वाट पाहिली, मग कीबोर्ड उलटा करून झटकला, आणि शेवटी चिडून मागं वळले. म्हटलं, "काय करायचं ते सांगा तरी." सर खूश झाले. "आता सुरू झालं," म्हणाले. नोकरी मिळाली. त्यांनी माझी परीक्षा घेतली की चेष्टा केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सर आधी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. वेळेआधीच नोकरी सोडून आले होते. त्याचं कारण ते घंटा असं सांगत. वर्गात प्रश्न विचारला की बोट वर करणारी पोरं नेहमी तीच ती. बाकीच्यांच्या डोक्यात उत्तर उगवू लागतं न लागतं तोच घंटा होते आणि ते तिथंच वाळून जातं. "कॉम्प्युटरला घंटा नसते," हे वाक्य ते देवाचं नाव घ्यावं तसं म्हणत. यंत्राचा वेग, यंत्राची स्मरणशक्ती, याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. ते न कंटाळता थांबू शकतं, एवढ्यावर ते खूश होते.

त्यामुळं आमच्या धड्यांना विचित्र नियम होते. उत्तर चुकलं तर धडा 'चूक' म्हणणार नाही, फुली दाखवणार नाही, भोंगा वाजवणार नाही. चित्र नुसतं तसंच उभं राहील. बरोबर आलं तरी टाळ्या नाहीत. पुण्याहून आलेल्या एका सीडीत प्रत्येक उत्तराला टाळ्या वाजायच्या. ती ऐकून सर म्हणाले, "पोरगं काय मंत्री आहे का, उठल्याबसल्या टाळ्या वाजवायला?" वेळ मोजणारं घड्याळ नाही. आणि मुख्य म्हणजे मूल गप्प बसलं तर यंत्रानं तोंड उघडायचं नाही.

या शेवटच्या नियमावरून माझं आणि त्यांचं कायम वाजायचं. मी म्हणायचे, मूल अडकलंय हे मशीनला कळू शकतं, थोड्या वेळानं त्यानं 'मदत हवी का' एवढं विचारावं. सर मान हलवायचे. यंत्रानं तोंड उघडलं की पोरगं तोंड मिटतं, म्हणायचे. मी फार ताणलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "थांबा. त्याचं चाललंय." मूल खिडकीबाहेर बघत असो, नाकात बोट घालत असो, सरांच्या लेखी त्याचं चाललेलं असायचं.

मुलांपुरतं हे ठीक होतं. सर ते सगळ्या जगाला लावत. स्टेशनवर एखाद्या परगावच्या माणसानं मनमाडची गाडी कुठं लागते विचारलं, तर सर त्याला विचारत, "तुम्हाला काय वाटतं?" त्या माणसाची गाडी चुकायची पाळी यायची आणि सरांना शिव्या बसायच्या. गिरणीखालच्या टपरीवाल्याचा चहा म्हणजे साखरेचा पाक. सरांना साखर कमी लागायची, डॉक्टरांनीही बजावलं होतं. पण ते टपरीवाल्याला कधी बोलले नाहीत. अर्धा चहा पिऊन ग्लास त्याच्यासमोर ठेवून द्यायचे, म्हणजे त्याच्या लक्षात येईल. तो बिचारा अर्धा ग्लास फेकून, विसळून मोकळा व्हायचा. वर्षामागून वर्षं गेली, त्याच्या काही लक्षात आलं नाही. मी एकदा सांगायला निघाले तर सरांनी मला अडवलं. त्याचंही चाललंय म्हणे.

पण ते नुसतेच वेडे होते म्हणावं, तर मेंढरांची गोष्ट आठवते.

आम्ही अंक शिकवायचा एक धडा केला होता. वाड्यात, म्हणजे कुंपणाच्या आत, मेंढरं उभी आहेत, ती मोजायची आणि तो अंक दाबायचा. चित्रं दत्ता काढायचा. तो मुळात ट्रकच्या पाठीमागं मोर आणि कमळं रंगवणारा पेंटर. चौकटीच्या कागदावर तो एकेक ठिपका रंगवायचा आणि मी ते ठिपके मशीनमध्ये भरायचे. त्याची मेंढरं जरा मोरासारखीच दिसायची, पण मेंढरं आहेत हे कळायचं. ती घेऊन आम्ही न्हावऱ्याच्या पुढं एका वाडीवरच्या शाळेत गेलो. जीपमध्ये मॉनिटर गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. त्या वाडीवर बरीच घरं धनगरांची. मेंढरं सोडून शेतीला लागलेली, तरी दारात पाचसहा जितराबं असायचीच.

पहिलीच मुलगी बसली ती गप्प. तिला मोजता येतं असं गुरुजी शपथेवर सांगत होते. ती स्क्रीनकडं टक लावून बघत होती, पण बोट काही उचलत नव्हती. मी हातांवर बसले होते आणि मुंग्या येऊन हात बधिर झाले होते. गुरुजी दोनदा पुढं झाले, सरांनी नजरेनंच त्यांना बसवलं. बाहेर एक म्हातारे आबा दाराला टेकून ही गंमत बघत होते, तेही कंटाळून तंबाखू मळायला लागले. शेवटी ती मुलगी सरांकडं वळली.

"ही हलत न्हाईत," ती म्हणाली. "मेल्यात व्हय?"

दारातले आबा हसले. "खरं हाय की तिचं. जितं मेंढरू कवा असं हुबं ऱ्हातंय?"

आम्ही आठवडाभर खपून मेंढरांचे कान हलते केले. पुढच्या खेपेला तीच मुलगी भराभर मोजून मोकळी झाली. सर त्या दिवशी जीपमध्ये स्वतःशीच हसत होते. आपण विचारलं असतं तर ती 'येत न्हाई' म्हणाली असती, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मी हरले होते आणि मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. इतक्या जिवापाड मुलाची वाट बघणारा माणूस मी पाहिला नव्हता.

सरांना एकच मुलगा, उमेश. तो आधी ऑफिसात यायचा. वायरी जोडून द्यायचा, दत्ताच्या मोरांची टिंगल करायचा, वडिलांच्या मागं उभा राहून त्यांच्यासारखे हात पाठीशी दाबून आम्हाला हसवायचा. डिप्लोमाचं शिक्षण त्यानं मधेच सोडलं. सरांनी का म्हणून विचारलं नाही. कुरकुंभला एका केमिकल कंपनीत तो ठेकेदाराकडं शिफ्टमध्ये लागला. सरांनी तेव्हाही काही म्हटलं नाही. लोक म्हणायचे, सर, तुम्ही शिकलेले, पोराला असं सोडून कसं चालेल? सर म्हणायचे, त्याचं त्याला कळू दे.

मग उमेशचं ऑफिसात येणं बंद झालं. रस्त्यात दिसायचा. कपड्यांना औषधासारखा उग्र वास, डोळे ओढलेले, ओळख देऊन न दिल्यासारखा पुढं जायचा. कंपनीत काही झालं होतं, की कुणाशी काही, की जिवालाच काही लागलं होतं, कुणाला ठाऊक नव्हतं. एके दिवशी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डबा द्यायचं निमित्त करून माडीवर आल्या. त्या कधी येत नसत. आमच्या देखतच त्या बोलल्या, म्हणजे घरी बोलून भागलं नसणार.

"तुम्ही एकदा विचारा ना त्याला," त्या म्हणाल्या. "ताट तसंच ठेवून उठतो. मी विचारलं की काही नाही म्हणतो. तुमच्याजवळ बोलेल तो."

सरांनी डबा बाजूला ठेवला. "थांब," म्हणाले. "त्याचं चाललंय."

त्यानंतरची संध्याकाळ मला काकूंनीच सांगितली, आणि पुढं भेटतील तेव्हा प्रत्येक वेळी सांगितली. उमेश कामावर गेला नव्हता. बाहेरच्या खोलीत सरांसमोर येऊन बसला. पेपर उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्याचा एकदा घसा साफ केल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, आता बोलतोय. सर समोर हातांवर बसले होते. घरीसुद्धा. ते त्याच्याकडं बघतही नव्हते, कारण बघितलं की पोरगं बिचकतं हा त्यांचाच नियम. बराच वेळ असा गेला. मग उमेश उठला, चपला घातल्या आणि 'येतो' म्हणाला.

त्याची सायकल स्टेशनच्या सायकल स्टँडवर सापडली. कुलूप लावून, नीट ओळीत उभी केलेली.

सर सोलापूरला जाऊन आले, मनमाडला जाऊन आले. पुण्यात ससूनपासून स्टेशनच्या धर्मशाळेपर्यंत सगळं बघून आले. पोलिसांत फोटो दिला. कंपनीत कुणी एक सांगितलं, कुणी दुसरं, हाताला काही लागलं नाही. काकू एकदा मला म्हणाल्या, दुसरं कुठलं गाव असतं तर निदान दिशा तरी कळली असती गं. दौंडाहून गाड्या सगळीकडंच जातात.

सर कामावर परत आले तेव्हा मी आधी त्यांचे हात बघितले. तळहात कोरे होते. खुर्चीत ते आता हात मांडीवर ठेवून बसायचे, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसे. कधी पेनचं टोपण काढायचे, कधी पीठ झटकायचे. जिन्यावर पाऊल वाजलं की बोलता बोलता थांबायचे. दत्ता आणि मी धपाधप चढणं मुद्दाम बंद केलं. फार वाईट दिवस होते ते. आम्हाला कामाचं बोलायचीही चोरी वाटायची.

असेच काही महिने गेल्यावर एका सकाळी सर माझ्या टेबलाशी आले. धड्यात एक बदल करायचाय, म्हणाले. मूल थांबलं की यंत्रानं विचारायचं.

मी ज्यासाठी इतकी भांडले, ते मला न मागता मिळत होतं. जिंकल्याचा आनंद सोडाच, मला रडू आलं. तोंड स्क्रीनकडं करून मी विचारलं, किती वेळानं विचारायचं. पूर्वी असं काही विचारलं असतं तर त्यांनी मलाच उलटा प्रश्न केला असता.

"उशीर नको व्हायला," सर म्हणाले.

आवाज त्यांचाच घ्यायचा ठरला. दुपारी गिरणी जेवायला बंद व्हायची, तेव्हा खिडक्या लावून आम्ही मायक्रोफोन मांडला. दोनच शब्द होते, 'काय झालं'. पण ते काही केल्या जमेनात. एकदा तोंडी परीक्षा घेतल्यासारखे आले, एकदा फौजदारासारखे. दत्ता भाबडेपणानं बोलून गेला, "सर, शाळंतल्यावानी नगा बोलू. घरी पोराशी बोलताव तसं बोला." बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं जीभ चावली.

सर रागावले नाहीत. मायक्रोफोनकडं बघत म्हणाले, "ते कसं असतं, मला माहीत नाही." मग त्यांनी विचारलं, "काय झालं रे?" त्यातला 'रे' आम्ही लिहिलेला नव्हता. मागं स्टेशनवरच्या इंजिनाची शिट्टीही आली होती. पुन्हा घेऊ या का असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही नाही. तोच ठेवला.

तो धडा घेऊन आम्ही त्याच वाडीवर गेलो. गुरुजींनी या वेळी एका मुलाला मुद्दाम पुढं केलं. म्हणाले, ह्याच्यावर चालला धडा तर कुणावरही चालेल. पोरगं खाली मान घालून बसलं. मेंढरं कान हलवत होती. मुलाचा हात गुडघ्यावरच. आम्ही तिघं मागं बसलो होतो, सर जीपमधून आणलेल्या आपल्या वेताच्या खुर्चीत, आणि सवयीनं त्यांचे हातही मांड्यांखाली गेले होते. मग मशीनमधून सरांचा आवाज आला, काय झालं रे? मुलानं दचकून मागं बघितलं. सरांच्या मिटलेल्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा मशीनकडं वळून ते हळूच म्हणालं, "काय न्हाई."

पुढं काहीच नव्हतं. आम्ही एवढंच केलं होतं. एकदा विचारलं की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. मशीन गप्प बसलं, मूल गप्प बसलं, मेंढरं कान हलवत राहिली. मी सरांकडं बघायला भीत होते.

सर उठले. हात बाहेर आले होते, वेताचे ताजे वळ उमटलेले. ते त्या मुलाशेजारी फरशीवर बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तरी?" ते म्हणाले.

मुलानं मान आणखी खाली घातली.

"तरी सांग की रे."

"दिसत न्हाई मला," मूल म्हणालं.

गुरुजी म्हणाले, असं कसं, एवढं मोठं चित्र आहे. सरांनी ऐकलं नाही. त्यांनी मुलाला उचलून टेबलाच्या कडेला आणलं, त्याचं नाक जवळजवळ काचेला लागेपर्यंत. मुलानं डोळे बारीक केले आणि एकेका मेंढरावर बोट टेकवत मोठ्यानं सगळी मोजली. एकही चुकलं नाही. इतकी वर्षं त्याला मागच्या भिंतीशी बसवलं होतं, ढ म्हणून. गुरुजी मान खाजवत उभे राहिले. ते काही वाईट मास्तर नव्हते.

परतताना चौफुला मागं पडला. तेव्हा सर म्हणाले, "मी जन्मभर हातांवर बसलो असतो तरी त्याला दिसलं नसतं."

संस्था पुढं बंद पडली. ते धडे आता कुठल्याही मशीनवर चालत नाहीत, म्हणून 'काय झालं रे' ऐकायची सोय उरलेली नाही. त्या मुलाला चष्मा लागला, तेवढं मात्र सरांनी मागं लागून करवून घेतलं. उमेश आला नाही. सर गेले तेव्हाही आला नाही. पण सर म्हटलं की मला त्या दिवशी वाडीवरून परत आल्यानंतरचे सर आठवतात.

जीप गिरणीशी थांबली. दत्ता गोधडीतला मॉनिटर घेऊन माडीवर गेला. टपरीवाल्यानं सवयीनं सरांसाठी ग्लास भरायला घेतला. सर जीपजवळ उभे होते. ते टपरीपाशी गेले आणि म्हणाले, "मला साखर कमी लागते."

टपरीवाल्यानं हात आवरला. त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. ओतलेला चहा त्यानं बाजूला ठेवला आणि छोट्या पातेल्यात नवा टाकला. उकळी येईपर्यंत तो सरांकडं बघत होता.

"मग बोलायचं की सर, इतकी वर्सं," तो म्हणाला. "मी पयल्या दिसापास्नं कमी टाकली असती."

सरांनी ग्लास हातात घेतला. चहा निवून गेला तरी ते तो तसाच धरून उभे होते.